फाटकापासून व्यासपीठापर्यंत

"उठा!"

हातगुणवाल्यांनी नुसतं म्हटलं, आणि व्हीलचेअरमध्ये बसलेल्या आजी उठल्या. आधी त्यांनी बावरून इकडेतिकडे पाहिलं, मग खुर्चीच्या दांड्यांवर हात रोवले, मग कंबर सरळ केली आणि व्यासपीठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या.

सभागृहात एकच कल्लोळ माजला. लोक बाकांवर चढले. कुणी मोबाइल उंच धरले, कुणी डोळे पुसले. उकाड्याने सगळ्यांची अंगं घामाने निथळत होती, आणि त्या घामातही अंगावर काटा आला होता.

"पाहिलंत?" हातगुणवाले माइकवर म्हणाले. त्यांचा आवाज मोठा गोड होता आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "खुर्ची माणसाला धरत नाही, माणूसच खुर्चीला धरून बसतो! मी काय केलं? काहीच नाही. यांच्या गुडघ्यांना फक्त आठवण करून दिली, की बाबांनो, तुम्ही गुडघे आहात!"

गुडघ्यांना आपण गुडघे असल्याचा विसर पडतो, ही गोष्ट आजवर एकाही डॉक्टरच्या ध्यानात कशी आली नाही कोण जाणे. पण त्या गर्दीत हसायला कुणाला सवड नव्हती. शिवाय, एकदा मिळालेली खुर्ची आपण होऊन सोडणारा माणूस एरवी बघायला मिळतोच कुठे?

रिकाम्या खुर्चीच्या मागे, तिच्या मुठी अजून घट्ट धरून, शाळेच्या सेवा मंडळाची कप्तान उभी होती. तिला घरीदारी सगळे कप्तानच म्हणायचे. सुट्टीत लोळत पडण्यापेक्षा लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून मंडळातल्या मुलामुलींनी हातगुणवाल्यांच्या या तीन दिवसांच्या आरोग्य शिबिरात काम करायचं ठरवलं होतं, आणि ते ठरवण्यात कप्तान सगळ्यांत पुढे होती. आज तिच्या गळ्यात स्वयंसेवकाचा निळा बिल्ला होता.

"इकडे ये बाळ," हातगुणवाल्यांनी तिच्यासमोर माइक धरला. "लेकरं खोटं बोलत नाहीत. सांग सगळ्यांना, काय पाहिलंस?"

"आजी... आजी उठल्या," ती म्हणाली.

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. पहिल्या रांगेत मंडळाचे सर तिचे फोटो काढत होते. इतक्या लोकांनी तिच्यासाठी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

आणि नेमकं तेव्हाच तिला आठवलं. या आजी सकाळी बसथांब्यावरून चालत आल्या होत्या. हातात पिशवी, चेहरा उन्हाने लाल. फाटकाशी त्या जराशा थांबल्या, तशी कप्तानच खुर्ची घेऊन धावली होती. आजी म्हणाल्या होत्या, "अगं, मला काय धाड भरलीय? दम लागलाय इतकंच." कप्तान हटली नव्हती. "बसा हो आजी, आम्ही कशासाठी आहोत?" शिबिराच्या व्यवस्थापिकाबाईंनी तसं बजावूनच ठेवलं होतं: काठी असेल, पांढरे केस असतील, दम लागला असेल, कुणालाही सोडायचं नाही. आग्रह करा. यालाच सेवा म्हणतात.

म्हणजे चालत आलेल्या आजी चालत गेल्या. यात चमत्कार कुठला?

हा प्रश्न तिच्या मनात अगदी लख्ख उभा राहिला. पण टाळ्या चालू होत्या. तिने स्वतःची समजूत घातली, आतून गुडघे दुखत असतील त्यांचे, आपल्याला काय कळतंय. आणि ती पुढची खुर्ची आणायला पळाली. त्या दिवशी तिने अशा कितीतरी खुर्च्या वर नेल्या. फाटकाशी कोण कसं आलं होतं, याचा विचार तिने पुन्हा करायचाच नाही असं ठरवलं, आणि ते तिला जमलं.

*

कप्तानच्या इमारतीत तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या. नात्याच्या नव्हत्या, पण कप्तानचा पहिला गणवेश त्यांनी शिवला होता, तेव्हापासून मावशीच. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा डावा पाय लुळा पडला. तेव्हापासून व्हीलचेअर. फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंनी व्यायाम लावून दिले होते. रोज खिडकीचे गज धरून मावशी उभ्या राहायच्या, हळूहळू वॉकरवर दारापर्यंत यायला लागल्या होत्या. शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली होती, म्हणजे पायाचं काम उरलं नव्हतं. हात मात्र सोन्याचे.

संध्याकाळी कप्तान घरी आली तेव्हा मावशी दारातच बसल्या होत्या. सभागृहातला व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोहोचला होता.

"हे खरं का गं?"

"हो मावशी."

"लोक काय वाट्टेल ते पाठवतात. तू स्वतः पाहिलंस?"

"माझ्या डोळ्यांनी. खुर्ची मीच ढकलत होते."

दोन्ही वाक्यं खरी होती. कप्तानला नंतर याचीच सर्वांत जास्त लाज वाटली, की एक शब्दही खोटा न बोलता तिने मावशींना फसवलं होतं.

मावशींनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. उद्या मला नेशील?"

हाच तो क्षण होता. मावशी, त्या आजी चालत आल्या होत्या, एवढंच म्हणायचं होतं. कप्तान म्हणाली, "नेईन की."

*

दुसऱ्या दिवशी मावशी ठेवणीतले कपडे घालून निघाल्या. वाटेत त्या नव्या नवरीसारख्या गप्प होत्या. फाटकाशी व्यवस्थापिकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खुर्चीकडे.

"खुर्ची स्वतःची का? मागे न्या. खांबापाशी."

"बाई, यांना पुढे घ्या ना," कप्तान म्हणाली. "यांना खरंच आधाराशिवाय उभं राहता येत नाही."

"स्वतःची खुर्ची आणणाऱ्यांना पुढे घ्यायचं नाही. किती वेळा सांगायचं?"

"पण का?"

"त्यांची श्रद्धा खुर्चीत अडकलेली असते," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या कुणाला तरी ओरडायला वळल्या.

खांबापाशी अशा खुर्च्यांची एक रांगच होती. काडीसारख्या पायांची एक लहान मुलगी आणि तिला पंख्याने वारा घालणारे तिचे वडील. मान एका बाजूला कललेला एक तरुण. कंबरेपासून खाली पांघरूण घेतलेल्या एक बाई. कालही ही माणसं इथेच होती, पण कप्तानने काल मागे वळून पाहिलं नव्हतं. यांच्यातलं कुणीच व्यासपीठावर गेलं नाही. वर गेले ते शिबिराच्या खुर्च्यांमधले, आणि ते भराभर उठले.

शेवटी हातगुणवाल्यांनी खांबाच्या दिशेने लांबूनच हात फिरवला. "मागच्या माझ्या माणसांनो, तुमच्यापर्यंतही पोहोचलंय बरं! आत काम सुरू झालंय. घरी जा. मनात तीळभर शंका न ठेवता उठा. उठाल!"

मावशींनी ते जिवाचा कान करून ऐकलं.

घरी गेल्यावर त्यांनी कप्तानला निरोप दिला, दार लोटून घेतलं, वॉकर कोपऱ्यात सारला आणि मनात तीळभर शंका न ठेवता त्या उठल्या.

पडल्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत आला.

*

उजवं मनगट मोडलं होतं. शिवणाचा हात. सकाळी कप्तान दवाखान्यात गेली तेव्हा मावशींचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. कप्तानला बघून त्या कसनुसं हसल्या.

"तू नको वाईट वाटून घेऊस. माझीच श्रद्धा कमी पडली बघ. उठताना वाटलंच मला, पडेन की काय. एवढीशी शंका आली आणि सगळं फसलं."

कप्तानला वाटलं, यापेक्षा त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. बाई हात मोडून पडली होती आणि दोषही स्वतःलाच देत होती.

"मावशी," ती म्हणाली, "त्या आजी चालत आल्या होत्या. फाटकापर्यंत. खुर्चीत त्यांना मीच बसवलं."

मावशींना ते समजायला वेळ लागला. "म्हणजे?"

"त्यांना चालता येतच होतं. जे उठले त्या सगळ्यांनाच येत होतं."

"तुला हे कधी कळलं?"

खोटं बोलायची तिला फार इच्छा झाली. "पहिल्याच दिवशी. तुम्ही विचारलंत त्याच्या आधी."

मावशींनी तोंड भिंतीकडे वळवलं. "जा आता," त्या म्हणाल्या.

*

सेवा मंडळाची मुलं सरांसोबत सभागृहाच्या जिन्याखाली जमली होती. कप्तानने सगळं सांगितलं. कुणीच "काय सांगतेस!" म्हटलं नाही. मग मंडळातली एक चष्मिस मुलगी म्हणाली, "माझ्या खुर्चीतल्या काकांनी तर फाटकाशी मला जिने कुठे आहेत ते विचारलं होतं." एकेक जण बोलू लागला. प्रत्येकाला एकेक गोष्ट ठाऊक होती, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की आपल्यालाच काहीतरी समजलेलं नाही.

सरांचा चेहरा उतरला. "फलकावर मंडळाचं नाव आहे गं. आरोप करायचा तर पुरावा लागतो. काय पुरावा आहे तुझ्याकडे?"

"मी आहे ना, सर."

"आज तू घरी जा. मी वरिष्ठांशी बोलतो, रीतसर तक्रार करू."

"सर, आज शेवटचा दिवस आहे. संध्याकाळी लोक घरी जाऊन उठायला बघतील."

कप्तान खुर्ची घेऊन फाटकाशी गेली.

तासाभरात ती व्यासपीठावर होती. तिच्या खुर्चीत एक हाडकुळे काका होते. "उठा!" झालं, काका उठले, चालले, कल्लोळ झाला, आणि हातगुणवाल्यांनी सवयीने माइक पुढे केला. "लेकरं खोटं बोलत नाहीत. सांग बाळ, काय पाहिलंस?"

कप्तानने माइक हातातच घेतला.

"काका, तुम्ही फाटकापर्यंत कसे आलात?"

"आँ?" काकांनी कानामागे हात धरला.

"इथे कसे आलात? फाटकापर्यंत?"

"सायकलने!" काका मोठ्याने म्हणाले. "बाहेर लावलीय. का? हलवायची आहे का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मग खुर्चीत का बसलात?"

"तूच तर बसवलंस! 'बसा काका, बसा काका' म्हणून डोकं खाल्लंस. बसलो. वर आणलंत. हे म्हणाले उठा, उठलो. अहो, माझं कानाचं आहे! सारखी शिट्टी वाजते. ते कधी बघणार?"

आता हशा पिकला. हातगुणवाल्यांच्या चेहऱ्यावरचं गोड हसू मात्र तसंच राहिलं, फक्त डोळे हलले. व्यवस्थापिकाबाई माइक हिसकावायला धावल्या. पण पायऱ्यांवर सर उभे होते. ते कधी आले कुणास ठाऊक. "तिला बोलू द्या," ते म्हणाले.

"मी तीन दिवस हेच करतेय," कप्तान म्हणाली. "चालत आलेल्या माणसांना मी खुर्चीत बसवलं. तुम्ही त्यांना आधी चालताना पाहिलं नाहीत, मी पाहिलं होतं. ती उठली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात, आणि मला त्या आवडल्या, म्हणून मी गप्प बसले. ज्यांना खरंच उठता येत नाही ते मागे आहेत. खांबापाशी." ती हातगुणवाल्यांकडे वळली. "तुम्ही तिकडे चला ना."

सगळं सभागृह मागे वळलं. तिथे किती माणसं बसलीत हे बहुतेकांनी प्रथमच पाहिलं. लहान मुलीचे वडील उभे राहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच तो ऐकवेना. "आम्ही पहिल्या दिवसापासून बसलोय. एकदा या इकडे. नुसतं 'उठ' तर म्हणायचंय."

"शंकेने वातावरण बिघडलंय," हातगुणवाले म्हणाले. माइक नसल्यामुळे ते पहिल्या रांगेपलीकडे गेलंच नाही. मग ते मागच्या दाराने निघून गेले, स्वतःच्या पायांनी आणि बऱ्यापैकी वेगात.

सगळेच काही तिच्या बाजूने झाले नाहीत. बाहेर पडताना एका बाईने तिला ऐकवलं, "आमच्या नशिबात येत होतं ते घालवलंस." कप्तानने ऐकून घेतलं. दोन दिवसांपूर्वी या बाईंना आशा लावणाऱ्यांत तीही होतीच.

*

मावशींकडचे शाळेचे गणवेश त्या उन्हाळ्यात शिवून झाले नाहीत. मंडळातली मुलं आळीपाळीने त्यांच्याकडे जायची, बटणं लावायची, सामान आणून द्यायची. व्यायामाच्या वेळी कप्तान त्यांना धरायची. मावशी इतरांशी बोलायच्या, तिच्याशी कामापुरतं. तिने माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "पाय वर घेऊ का आता?" डॉक्टरबाईंच्या हिशेबाने मावशी बऱ्याच मागे गेल्या होत्या. पुन्हा खिडकीच्या गजांपासून सुरुवात होती, तीही एका हाताने.

या गोष्टीत फसवणारी माणसं दोनच होती, हातगुणवाले आणि त्यांच्या व्यवस्थापिकाबाई. बाकी सगळी भली माणसं. आग्रह करणारी मुलं भली, आग्रह न मोडणाऱ्या आजी भल्या, टाळ्या वाजवणारे लोकही भले. प्रत्येकाने थोडं थोडं पाहिलं होतं, आणि कुणीच दुसऱ्याला विचारलं नाही. हातगुणवाल्यांचा सगळा हातगुण एवढ्यावर चालला होता. तेव्हा कुणी व्यासपीठावर उठून उभं राहिलं, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारावं, की हा माणूस खुर्चीपर्यंत आला कसा? विचारल्याने खऱ्या औषधाचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते फक्त खोट्याचं.

शाळा सुरू व्हायच्या आधी एके दिवशी मावशी वॉकर धरून उभ्या होत्या. कप्तान मागे हात पसरून सावध उभी होती. मावशींनी मान न वळवता विचारलं, "पुन्हा असं काही पाहिलंस तर?"

"विचारीन, मावशी."

"आणि सगळे टाळ्या वाजवत असतील तर?"

कप्तानने लगेच उत्तर दिलं नाही. लगेच दिलं असतं तर मावशींना ते खरं वाटलं नसतं.

"तेव्हा जमेल की नाही, माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "पण मोठ्याने विचारायचं ठरवलंय."

"हं," मावशी म्हणाल्या. "धर आता नीट. पाय टाकतेय."