पायरीवरचं पाणी

मी तांब्या बोलतोय. काझानलुक शहरातल्या तांबटाने ठोकून घडवलेला, स्तोयांकाच्या लग्नात आंदण आलेला. फुशारकी नाही मारत, पण आज देशभर गाजणारी विनोदवीर झोर्नित्सा, म्हणजे स्तोयांकाची लेक, घडली ती माझ्यामुळे!

आमच्याकडे घरचं माणूस महत्त्वाच्या कामाला निघालं की दारात त्याच्या पुढ्यात पाणी ओततात. काम पाण्यासारखं सुरळीत व्हावं म्हणून. परीक्षा असो, मुलाखत असो, स्तोयांकाच्या हातात मी असायचोच.

लेकीने शाळेतली नोकरी सोडली तेव्हा मात्र ती भडकली. "लोकांना हसवणार म्हणे! लोक तुलाच हसतील, कारटे." तरी पहिल्या कार्यक्रमाला पोर निघाली, तशी हिने पायरीवर पाणी ओतलंच. आईच ती.

महिना जानेवारीचा. हातमोजे विसरले म्हणून झोर्नित्सा परत आत आली, आणि पुन्हा बाहेर पडेस्तोवर पाण्याचा झाला बर्फ. धप्पकन आपटली!

तशीच लंगडत मंचावर गेली. पाठ केलेलं सगळं विसरली, एवढंच म्हणाली, "माझी वाट पाण्यासारखी व्हावी म्हणून आईने पाणी ओतलं. जानेवारीत!" लोक हसून हसून लोळले. हे तर घरोघरचंच होतं ना! किस्सा टीव्हीवर गाजला. तिला पाहून गावोगावच्या मुली मंचावर चढल्या आणि आपापल्या आयांबद्दल बोलू लागल्या.

इकडे शेजारीण गिन्का भर बाजारात ओरडायची, "काय गं स्तोयांका, आज कुणाला पाडलंस?"

स्तोयांकाला ते फार लागलं. तिने मला कपाटावर टाकलं. नऊ वर्षं! मी पार कळकून हिरवा झालो. झोर्नित्सा दर वेळी दारात थांबायची, मागे बघायची आणि कोरड्या पायरीवरून निघून जायची. फार वाईट वाटायचं हो मला.

परवा राजधानीतल्या सगळ्यात मोठ्या सभागृहात तिचा कार्यक्रम होता. निघताना म्हणाली, "आई, तो किस्सा आजपासून बंद. तुझं हसं करून मला मोठं नाही व्हायचं."

स्टुलावर चढून स्तोयांकाने मला खाली काढलं, मीठ आणि व्हिनेगर लावून खसाखसा घासलं. काय लखलखलो म्हणून सांगू! मग पाणी भरलं आणि मूठभर मीठ माझ्यात टाकलं.

"हे गं काय, आई?"

"जानेवारी आहे." तिने मला पायरीवर उपडं केलं. "मिठाने बर्फ धरत नाही. खुशाल सांग तुझा किस्सा. पण शेवटी सांग त्यांना, आई शिकली म्हणावं. आणि हातमोजे घेतलेस का?"

झोर्नित्सा रडत रडत हसली आणि ओल्या पायरीवरून ताठ चालत गेली.

मंडळी, तुमच्याही कपाटावर रागाने टाकलेला एखादा तांब्या असेल. काढा त्याला खाली. घासला की लखलखतो, माझ्यावरून सांगतो.