चिकातला गहू

अबाजींना गहू किती झाला विचारा, खंडीतच सांगणार. कोकण सोडून वीस वर्षं झाली, इस्रायलमधल्या बेर्शेबाजवळच्या त्या मोशावात, शेतकऱ्यांच्या सहकारी वस्तीत, खंडी हा शब्द दुसऱ्या कुणी ऐकलेलाही नाही. पण माप तेच. गेल्या साली म्हणे चाळीस खंडी! आणि त्याच साली कापणीवाल्याचं बिल भागवायला त्यांच्या सुनेच्या, पनिनाच्या, दोन बांगड्या मोडल्या.

खत महाग, डिझेल महाग. कापणीयंत्राचं भाडं पेरणीच्या वेळी एक नि कापणीला तिप्पट. गव्हाचा भाव मात्र सरकार ठरवणार आणि पैसे दोन महिन्यांनी देणार, तोवर महागाईने शेकेल, तिथला रुपया, पार पातळ झालेला. पीक वाढलं की तोटा वाढायचा. अबाजी आपले ओंब्या कुरवाळत खूश.

यंदा मार्चात, दाणे अजून दुधाळ, चिकात असतानाच, शेजारच्या गोठ्याचा अव्नेर आला. उभा हिरवा गहू त्याला गाईंच्या चाऱ्यासाठी हवा होता. पैसे रोख, आजच. कापायचं यंत्र त्याचंच, दुपारपर्यंत थांबणार.

"कोवळं पीक कापू?" अबाजी कडाडले. "गव्हाचा चारा! माझ्या बापाने ऐकलं असतं तर..."

"तुमच्या बापाला डिझेल लागत नव्हतं, बाबा," पनिना म्हणाली.

"पन्नास खंडी होईल यंदा, पोरी."

"होऊ द्या की! माझ्या दोन बांगड्या उरल्यात अजून. त्या मोडा आणि मिरवा पन्नास खंडी गावभर."

अबाजी बांधाकडे बघत म्हणाले, "काप म्हणावं त्याला. पण कोपरा ठेवायचा. शेताचा कोपरा गरिबांचा, आपल्या तोरा ग्रंथात लिहिलंय."

"आणि इथे गरीब कोण येणार? तेल अविवहून बसने?"

"नाही आलं कोणी, तर आपण आहोतच."

पनिनाने कोपऱ्याचं सांगितलं तसा अव्नेर हसला. "यंत्र सरळ जातं. म्हाताऱ्याच्या लहरीसाठी वळवायला मला वेळ नाही."

पनिना तरातरा चालत गेली आणि कोपऱ्यात, कंबरभर गव्हात, पदर खोचून उभी राहिली.

"वेळ नाही ना? मग ने माझ्यावरून!" ती हिब्रूत ओरडली.

यंत्र घरघरत जवळ आलं. मनातल्या मनात ती सासऱ्याला लाखोली वाहत होती. हा म्हातारा, ह्याचा कोपरा, ह्याचा मोठेपणा! पण पाय तिने हलवले नाहीत. दहा पावलांवर येऊन अव्नेरने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली आणि चाक वळवलं.