पाठीकडचा धुरकट पट्टा

मित्रांनो, रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या गार खोलीत भले मोठे पांढरे कडे दिसते ना, तेच मी. सीटी स्कॅनचे जुने यंत्र. मी नवे होते तेव्हा मला पाहायला सगळे रुग्णालय लोटले होते. मला वाटे, माणसे आतून सारखीच असणार. छे! कुणाच्या उजव्या फुप्फुसाला एक जादा घडी, कुणाची श्वासनळीची फांदी भलत्याच जागी फुटलेली. तरी ही मंडळी खुशाल जिने चढत असतात! प्रत्येक छाती पाहून मी आजही थक्क होते.

एकदा काच फुंकणारे एक काका आले. भट्टीपाशी उभे राहून लांब नळीतून फुंकायचे आणि वितळलेल्या काचेची सुरई फुगवायची, हे त्यांचे काम. खोकला हटत नव्हता म्हणून तपासणी होती. मी त्यांना उताणे आत घेतले.

चित्रात दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी, पाठीकडे, धुरकट पट्टा उमटला. नव्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. "फुप्फुसं निबर व्हायला लागलीत. भट्टी सोडावी लागेल यांना."

दाराशी काकांची मुलगी उभी होती. "काम सुटलं तर बाबा खचतील हो," ती कशीबशी म्हणाली. मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरबाई आल्या. "घाई नको रे. उताणं झोपलं की फुप्फुसाचा भार पाठीकडे येतो, खालचा भाग दबतो. त्यांना पालथं झोपव. खरंच दुखणं असेल, तर ते जागचं हलणार नाही."

"या वयात पालथं पडायला शिकवताय होय?" म्हणत काका वळले. मी जीव ओतून फिरले.

पट्टा गायब! तिथे स्वच्छ, काळेभोर फुप्फुस आणि त्यात डहाळ्यांसारख्या बारीक शिरा. केवढी ही नवलाई! स्वतःच्याच भाराने दबणारा इतका नाजूक अवयव, आणि माणूस नुसता वळला की पुन्हा फुलतो. "फुप्फुसं ठणठणीत आहेत," म्हणत डॉक्टरबाईंनी मुलीला चित्र दाखवले.

"बाबा, काही झालेलं नाही तुम्हाला!" मुलीला रडू आवरेना.

"मग रडतेस कशाला? खोकल्याचं औषध घेऊ आणि निघू. भट्टी थांबलीय," काका म्हणाले.

मित्रांनो, आता शेजारच्या खोलीत नवे यंत्र बसले आहे. माझ्याकडे फारसे कुणी फिरकत नाही. चालायचेच. पण त्याला आणि तुम्हालाही एक विनवणी आहे. कुणी जरा वेगळे दिसले, तर लगेच त्याला आजारी ठरवू नका. त्या दिवशी बाईंनी घाई थांबवली नसती, तर एका धडधाकट माणसाची फुंकर आम्हीच बंद केली असती.