मी लाल टाचणी सोडली

मित्रांनो, मला जुना म्हणा, भोकाभोकांचा म्हणा, पण आधी माझं ऐकून घ्या. मी एका स्काउट पथकाचा हिरवा फळा आहे. खडूचा नव्हे बरं का, टाचण्यांचा. आज मी जे सांगणार आहे त्यात माझी शोभा नाही. तरी सांगतो, कारण मनात ठेवून ठेवून मी कंटाळलो.

मला एका सुताराने घडवलं. त्याचा मुलगा तेव्हा पथकात होता. पाठीला लाकडी फळी, तिच्यावर जाड बुचाचा थर, आणि त्यावर ताणून बसवलेलं हिरवं लोकरी कापड. वर्षाचे महिने वेगळे दिसावेत म्हणून सुताराच्या बायकोने कापडावर पांढऱ्या फितीचे उभे पट्टे शिवले. तिने मोजायला चूक केली आणि तेरा महिने झाले. पथकाचे मास्तर हसून म्हणाले, "वहिनी, एक महिना जास्त झालाय, तो तुमच्याकडेच ठेवा!" मग तिने शेवटचा पट्टा उसवला. तेव्हापासून माझा डिसेंबर इतर महिन्यांच्या दुप्पट रुंद आहे. नव्या मुलांना वाटायचं, सुट्टी असते म्हणून असेल.

मास्तर तेव्हा जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरीला होते. दर शनिवारी संध्याकाळी ते शाळेमागच्या लांबट खोलीत पथक भरवायचे. पत्र्याचं छप्पर, खिडक्यांना जाळी, एका कोपऱ्यात तंबूच्या काठ्या, खुंटीवर दोरांची वेटोळी. त्या खोलीत दारातून आत शिरलं की समोर मीच दिसायचो. आणि वर्षाचा पहिला शनिवार तर माझाच असायचा. त्या दिवशी वर्षभराचे कार्यक्रम ठरायचे.

मास्तरांची त्याची एक रीत होती. आधी काळ्या टाचण्या लावायच्या. परीक्षा, खोलीची रंगरंगोटी, बस मिळत नाही ते दिवस. "आधी नाही कधी ते बघा, म्हणजे हो कधी ते कळतं," असं ते म्हणायचे. मग चिठ्ठ्यांवर लिहून मोठं शिबिर, बिल्ल्यांच्या परीक्षा, प्रथमोपचाराचा सराव, झाडं लावणं, ओढ्याकाठची सफाई. दर महिन्याचा एक शनिवार मुद्दाम मोकळा ठेवायचा, कारण काहीतरी बिघडतंच. उरलेल्या जागांसाठी पथकातल्या चारही संघांची भांडणं व्हायची. घार संघाला बारा महिने शिबिरच हवं असायचं. कासव संघ चिठ्ठ्या लिहायलाच उशीर करायचा. शेवटी प्रत्येक संघाला एक लाल टाचणी मिळायची. लाल टाचणीखालची चिठ्ठी वर्षभर कुणीही हलवायची नाही, अगदी मास्तरांनीसुद्धा नाही.

एकदा तालुक्याहून मोठे साहेब आले आणि म्हणाले, "ही चिठ्ठी एक आठवडा पुढे घ्या." मास्तरांनी टाचणीकडे बोट दाखवलं. "साहेब, लाल आहे." साहेबांना कबूल व्हावं लागलं! त्या दिवशी माझी छाती काय फुगली होती म्हणून सांगू.

अशी एकवीस वर्षं गेली. ऊन लागून माझा एक कोपरा पिवळा पडला, पण टाचणी कधी खाली पडू दिली नाही. मास्तर निवृत्त झाले, त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, आणि मदतीला ताई आली. ती दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करायची. हुशार, चटपटीत, मुलांची लाडकी. तिच्याशी माझं काही वाकडं नव्हतं. पण या जानेवारीत ती दवाखान्यातला एक फळा घेऊन आली.

पांढराशुभ्र, गुळगुळीत, चाकांच्या स्टँडवर उभा. दाताच्या दवाखान्यातला, तेव्हा दात काढून हसल्यासारखाच दिसायचा. त्याच्यावर रंगीत पेनांनी लिहायचं आणि फडक्याने पुसायचं. मुलांनी तर त्याला नुसता गराडा घातला. "ताई, मी लिहू?" "ताई, मला निळा द्या!" कुणी त्याला इकडून तिकडे ढकलून बघितलं. मला एकवीस वर्षांत कुणी फिरायला नेलं नव्हतं हो!

ताईने मास्तरांना विचारलं, "मास्तर, जुना काढायचा का?" मास्तर म्हणाले, "काढू नको. राहू दे कोपऱ्यात." राहू दे कोपऱ्यात! मला तंबूच्या काठ्यांमागे टेकवलं. काठ्यांच्या फटींतून मला सगळं दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते बघवत नव्हतं.

त्या पहिल्या शनिवारी सगळं वर्ष त्या पांढऱ्यावर लिहिलं गेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात म्हटलं, काय मोठा टेंभा मिरवतोय! याच्या पोटात काय आहे? ना बूच, ना कापड. लिहिलं काय, पुसलं काय, याला कशाचंच काही नाही. मी तर त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की तुमच्यासमोर एकही सांगता यायची नाही.

त्याच दिवशी सगळे बाहेर खेळायला गेल्यावर भिंगरी माझ्याकडे आली. ही कासव संघाची प्रमुख. एका जागी बसवत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. तिचे वडील जहाजावर स्वयंपाकी होते. वर्षातून बारा दिवस घरी यायचे, फक्त बारा. एप्रिलमध्ये पथकाचं पालकांसोबतचं पदभ्रमण असतं. आईवडील आणि मुलं मिळून टेकडीपर्यंत चालत जातात. मागच्या वर्षी वडील पोचले तेव्हा ते होऊन गेलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी ते परत गेल्यावर झालं. म्हणून या वर्षी तिने तारीख आधीच वडिलांना कळवायचं ठरवलं होतं. ते त्याप्रमाणे कप्तानाकडे सुट्टी मागणार होते.

हे मला कसं माहीत? थोड्याच वेळापूर्वी तिने ताईला सगळं सांगितलं होतं आणि विचारलं होतं, "ताई, लाल टाचणी कुठे?" ताई प्रेमाने म्हणाली होती, "आता टाचण्या नाहीत गं. हे बघ, लाल रंगाने लिहिलं." भिंगरीने मान डोलावली, पण तिचं समाधान झालं नव्हतं.

तर ती काठ्या बाजूला करून माझ्यासमोर उभी राहिली. हातात तारखेची चिठ्ठी आणि डब्यातून शोधून आणलेली लाल टाचणी. "तू धरून ठेव हां," असं हळूच म्हणाली आणि एप्रिलच्या पट्ट्यात दुसऱ्या शनिवारच्या जागी तिने ती टोचली. मग पळाली.

मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता. पण मला आला राग. म्हटलं, आता आलीस होय? सगळ्यांसमोर त्या गोऱ्यापाशी उड्या मारायच्या, आणि मी मात्र चोरून आठवायचा! त्याच्यावर ठेव की विश्वास, माझ्याकडे कशाला येतेस? टाचणी अर्धीच आत गेली होती. जरा आवळून धरली असती तर वर्षभर राहिली असती. मी बूच सैल सोडलं.

टाचणी निसटली. चिठ्ठी काठ्यांमागे जमिनीवर पडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढच्याच शनिवारी एका मुलाने खोली झाडली आणि चिठ्ठी, टाचणी, सुतळीचे तुकडे, सगळं केरात गेलं. तेव्हा मात्र मला केल्याचं वाईट वाटलं. पण मी स्वतःची समजूत घातली, की त्या पांढऱ्यावर लिहिलंय ना, मग झालं तर.

मार्चमध्ये मुलं खोलीत रस्सीखेच खेळत होती. एक गट धडपडत मागे गेला आणि पाच-सहा घामट पाठी पांढऱ्या फळ्यावर घासल्या. फेब्रुवारी अर्धा गेला, एप्रिल सगळा पुसला गेला. मुलांच्या गणवेशाच्या पाठीवर वर्षाचे कार्यक्रम उमटले. मी तर हसून हसून बेजार! ताईने लगेच आठवून आठवून पुन्हा लिहिलं, आणि तिच्या हातून पालकांचं पदभ्रमण चौथ्या शनिवारी लिहिलं गेलं. भिंगरी असती तर ओरडलीच असती. पण तिला कांजिण्या आल्या होत्या. ती तीन आठवडे घरी होती.

ती परत आली तोवर सोळा घरांतून चौथ्या शनिवारला होकार आले होते. दारातून आत आली, फळ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहराच उतरला.

"ताई, हे दुसऱ्या शनिवारी होतं."

"नाही गं, चौथ्याच ना?"

"दुसऱ्या! बाबांनी सुट्टी घेतली त्याप्रमाणे. चौथ्या शनिवारी ते नसणार. मी लाल टाचणी लावली होती, हिरव्या फळ्यावर. चला, दाखवते!"

सगळं पथक तिच्यामागे माझ्याकडे आलं. काठ्या बाजूला झाल्या. तीन महिन्यांनी पहिल्यांदा सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. जे मला हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि माझ्या अंगावर काही नव्हतं. रिकामा एप्रिल.

घार संघाचा लंबू म्हणाला, "तापात स्वप्न पडलं असेल तुला." दोघं-तिघं हसले. भिंगरीने माझ्या कापडावरून हात फिरवला, वर, खाली, डिसेंबरपर्यंत. "इथेच लावली होती," ती म्हणाली. "खरंच लावली होती." मग तिला रडू कोसळलं. पुन्हा एकदा बाबा घरी असणार आणि पदभ्रमण नसणार, आणि वर ती खोटारडी ठरणार.

मी काय करू शकत होतो? भोकांच्या गर्दीत एक नवं भोक होतं, पण ते कोण ओळखणार?

मास्तर दोर गुंडाळत होते. ते सावकाश उठून आले. "लावली म्हणते म्हणजे लावली," ते म्हणाले. "स्काउटने शब्द दिला की आपण पुरावा मागत नाही. लंबू, माफी माग." लंबूने मागितली. आणि ताईने काय केलं माहीत आहे? ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी चूक आहे. पुसलं गेलं तेव्हा मी आठवणीतून लिहिलं, कुणाला विचारलं नाही. भिंगरी, चुकलं माझं." इतकं सरळ! त्या पांढऱ्याच्या ताईला ते जमलं. चुकीचा निम्मा वाटा माझा होता आणि मी कोपऱ्यात गप्प होतो.

मग ताई तंबूच्या गठ्ठ्यावर बसली आणि एकेका घरी फोन लावू लागली. "दुसऱ्या शनिवारी जमेल का हो?" कुणी नाही म्हणालं, कुणी बघतो म्हणालं. शेवटी नऊ घरं तयार झाली.

"नऊ तर नऊ," मास्तर म्हणाले. "बाकीच्यांना चौथ्या शनिवारी नेऊ. मी दोन्ही वेळा येतो."

"मास्तर, तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना कुणी विचारलंय!"

नवी तारीख पांढऱ्या फळ्यावरच लिहिली. मुलांनी त्याच्यासमोर जमिनीवर खडूने रेघ ओढली आणि ठरवलं, की रेघेच्या आत पाठ करून कुणी उभं राहायचं नाही. कासव संघाने आळीपाळीने पहाराही दिला. मी ते बघत राहिलो. त्याचा हेवा वाटला का? वाटला. पण आता आधीसारखं चिडायला तोंड राहिलं नव्हतं.

एप्रिलचा दुसरा शनिवार आला. दुपारी सगळे धुळीने भरलेल्या बुटांनी टेकडीवरून परत आले. भिंगरीने आपल्या बाबांचा हात धरून त्यांना खोलीत ओढतच आणलं. थोराड माणूस, हातांवर भाजल्याचे डाग, आवाज मात्र अगदी मऊ. तिने त्यांना दोर दाखवले, तंबू दाखवले, पांढरा फळा दाखवला. "हे बघा, तुमचा शनिवार!"

मग बाबांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी माझ्या कापडावर अंगठा दाबून बघितला. "चांगला आहे की गं हा. बूच अजून घट्ट आहे. असा कोपऱ्यात का टाकलाय?"

भिंगरीने माझ्या चौकटीवर थोपटलं. "त्याला आता टाचणी धरवत नाही, बाबा. माझीसुद्धा पडली. म्हातारा झालाय तो. त्याची काय चूक?"

मित्रांनो, तिने मला लाथ मारली असती तर बरं झालं असतं.

फळ्यांची निगा राखा, जुन्या वस्तू टाकू नका, हे सांगायचा हक्क मला आता नाही. एवढंच सांगतो. तुमच्या शेजारी कुणी नवा येईल, सगळे त्याच्याभोवती गोळा होतील, आणि तुमच्या पोटात दुखेल. दुखू दे. पण त्या वेळी कुणी विश्वासाने काही तुमच्याकडे ठेवायला दिलं, तर राग त्याच्यावर काढू नका. धरून ठेवा.

आणि कुठे भिंगरी भेटली, तर तिला माझा एक निरोप द्या. म्हणावं, तो म्हातारा झाला नव्हता.