पुन्हा त्याच जागी

चांगुणाच्या छातीत गाठ परत आली. तीन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी लिंबाएवढी गाठ काढली होती. आता त्याच वणाखाली दुसरी वाढली, महिन्याभरात पेरूएवढी झाली. दुखत नव्हती. सोनाळा गावच्या मळ्यात वांगी तोडताना ती वाकली की गाठ आतल्या आत हलायची, पोटातल्या लेकरासारखी.

"सांगतलं काऊन नाई?" नवरा तुळशीराम म्हणाला.

"मले वाटलं, वहम असन."

शेगावहून दोघं रेल्वेनं नागपूरला गेली. डॉक्टर शरयूबाईंनी तुकडा काढून तपासला.

"अशी गाठ क्वचितच दिसते," त्या म्हणाल्या. "नेहमीचा कॅन्सर नाही हा. पण नुसती सोलून काढली की मुळं मागे राहतात. या वेळी पूर्ण स्तन काढावा लागेल."

चांगुणानं विचारलं, "मंग पुन्हा नाई येनार?"

"तसा शब्द देत नाही. शक्यता कमी होईल. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं."

चांगुणा नवऱ्याकडे वळली. "बाई खोटं नाई बोलल्या. काढू."

भुलीचा गोडसर वास आला आणि टेबल हळूच चालू लागलं. सातपुडा जवळ आला, निळा, कापसासारखा मऊ. पाटाच्या पाण्यावरून ती चालत होती, पाय भिजत नव्हते. कधीच गेलेली आई काठावर बसून तिला न्हाऊ घालत होती. आईनं खांद्यावरून ओंजळ ओतली, आणि एक बाजू हलकी होऊन पाण्याबरोबर वाहत गेली. तिला भीती वाटली नाही.

जाग आली तेव्हा छातीवर पट्टी होती.

"बाईनं मले गाठ दाखोली," तुळशीराम म्हणाला. "चिरली त आत पानायवर पानं व्हती."

"चांगली दिसे?"

त्यानं खरंच विचार केला. "हाव."

ती रडली, मग त्याचा हात धरून झोपली.

घरी जखम तोच पुसायचा. नर्सकडून शिकून आला होता. पाचव्या वर्षी न्हाताना चांगुणाच्या बोटाला वणाच्या टोकाशी वाटाणा लागला. या वेळी तिनं त्याच दिवशी सांगितलं. शरयूबाईंनी तो भोवतालच्या मांसासकट काढला.

त्यानंतर अकरा वर्षं झाली. गाठ आली नाही. चांगुणा अजून नागपूरला जाते, आता वर्षातून एकदा, खिडकीजवळ बसून.