दगडी कमानी कोण उचलणार

आफ्केने घर विकलं तेव्हा अख्ख्या गावाने तिची कीव केली. साठी उलटलेली विधवा बाई, आणि म्हणे जुनी बोट घेऊन कालव्याकालव्याने फ्रान्सच्या दक्षिणेला जाणार! धाकटा भाऊ वोबे तर रोज दारात. "ताई, बोट मी निवडतो. तू भुलशील."

"भुलले होते एकदा. तुझ्या भावोजींना," ती म्हणाली. "चांगले निघाले की!"

पण आतून तिलाही धाकधूक होतीच. घेईल ती बोट हेच आता घर. चुकली तर परत यायला चार भिंतीही नव्हत्या. तरी निवड तिला स्वतःच करायची होती. फ्रीसलंडमधल्या पुलावर ती जन्मभर पूलवाली होती; बोट आली की पूल वर उचलून तिला वाट द्यायची. कुठली बोट लाडात वाढलीय आणि कुठली नुसतीच रंगवलीय, हे तिला लांबूनच कळायचं.

बोटी दुरुस्त करून विकणाऱ्या रिंत्सेच्या यार्डात विकायच्या दोन बोटी पाण्याबाहेर काढून ठेवल्या होत्या. एक उंच, पांढरीशुभ्र, वर सागवानी सुकाणूघर आणि भोवती काचाच काचा. दुसरी बुटकी, हिरवट, वयाने आफ्केपेक्षा थोडीच लहान. तिच्याकडे पाहून वोबेने नाक मुरडलं. "ही बोट आहे की बुटांचं खोकं?"

आफ्के पांढरीच्या तळाचा पत्रा हातोडीने ठोकत, कान देत फिरली. सगळीकडे खणखणीत. मग वर चढून सुकाणूघरात जी उभी राहिली, ती उतरेचना.

"घेऊन टाक," वोबे म्हणाला. दोघा भावंडांचं कधी नव्हे ते एकमत झालं होतं.

इथे सौदा टाळीने होतो. एकेका अटीला एकाने हात पुढे करायचा, दुसऱ्याने त्यावर टाळी द्यायची. शेवटची टाळी पडली की बाप आला तरी मागे फिरता येत नाही. आफ्के खाली उतरली तशी रिंत्सेने पंजा पुढे केला. "राणी आहे राणी! ही आली असती तर आफ्केबाई, तुम्ही पूल मानाने उचलला असतात."

"मानाने कसला, उचलावाच लागला असता. ही काय खालून..." आफ्केचा हात हवेतच थांबला. "रिंत्से, उंची किती रे हिची?"

रिंत्से गोंधळला. इकडे हे कोणी विचारतच नाही. बोट आली की पूल उघडतो, त्यात उंचीचं काय? "असेल चार मीटरच्या वर. का?"

"फ्रान्समधल्या कालव्यांवर दगडी कमानी आहेत. त्या कोण उचलणार?"

वोबेने मान वर करून पांढरीचं सुकाणूघर पुन्हा पाहिलं. आफ्केला मात्र जे हसू फुटलं, ते आवरेना. "अरे, जन्म गेला पूल उचलण्यात! मला वाटलं, जगातले सगळे पूल आपल्याला बघून उठून उभे राहतात!"

डोळे पुसून ती बुटकीकडे वळली. वर चढून सुकाणूघराच्या खिट्या काढल्या, भिंती आडव्या पाडल्या. उंट बसावा तशी बोट बसली. वोबेला पट्टी धरायला लावून तिने पाण्याच्या जुन्या रेषेपासून माप घेतलं. कुठल्याही कमानीखालून आरामात गेली असती. मग हातोडी. मागच्या बाजूला एके ठिकाणी आवाज बद्द आला.

"इथे पत्रा गंजून पातळ झालाय."

"बाई, तिचं वय बघा!"

"माझंही बघ. मला काही बदलून मिळत नाही, हिला मिळेल. नवा पत्रा तू बसवायचा."

टाळी.

"रंगाचा खर्च तुमचा," रिंत्से म्हणाला.

टाळी.

"इंजिन थंड असताना चालू करून दाखवायचं. मी यायच्या आधी तापवून ठेवायचं नाही."

रिंत्से जरा खळखळला, मग हसला. शेवटची टाळी अशी पडली की धक्क्यावरचे बगळे उडाले.

आत कॉफी घेताना वोबे रिंत्सेच्या बायकोला ऐटीत सांगत होता, "आम्ही उंची बघून घेतली. फ्रान्सला जायचं तर बुटकीच हवी." आफ्केने त्याला खुशाल बोलू दिलं. कप हातात घेऊन ती बाहेर गेली आणि आपल्या हिरवट बोटीशेजारी उभी राहिली, वरातीतल्या नवरदेवासारखी ताठ.