रूळपातळीत बदल नाही

खाण बंद होऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि कोळशाची शेवटची गाडी जाऊन अठरा. तरी मुकादम रोज सकाळी सहाला लाइनीवर हजर असायचा. पूर्वी तो चालत जायचा, आता त्याला सायकल होती. चार लोखंडी चाकांची, रुळांवर बसणारी. दोघांनी शेजारी बसून पायडल मारायचं आणि मागच्या बाकावर पोरंबाळं बसवायची. पर्यटन कंपनीने अशा चाळीस सायकली आणल्या होत्या. कोळसा धुण्याच्या जुन्या कारखान्यापासून नदीवरच्या पुलापर्यंतच्या सात किलोमीटरवर त्या भाड्याने फिरत. येणारे लोक शहरातले. पायडल मारत ते पडक्या खाणीकडे, गवत उगवलेल्या मातीच्या ढिगांकडे बघत आणि ‘किती शांत आहे ना!’ म्हणत.

पहिली फेरी दहाला सुटे. त्याआधी सगळी लाइन बघून ‘मार्ग सुरक्षित’ अशा छापील कागदावर सही करायची, एवढंच मुकादमाचं काम. खाणीच्या रेल्वेत त्याने एकतीस वर्षं काढली होती, त्यातली चौदा बारा माणसांच्या टोळीचा मुकादम म्हणून. टोळी पांगली, नाव चिकटून राहिलं. घरच्यांखेरीज गावात त्याला दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारत नसे.

तिकीट खिडकीत पिंजरेवाला बसे. खाण चालू असताना माणसांचा पिंजरा वरखाली करणारं इंजिन त्याच्या हातात होतं. तो येणाऱ्यांना सांगायचा, “आयुष्यभर माणसं खाली सोडली, आता आडवी सोडतो. फरक इतकाच, ही हसत जातात आणि वर फोटो काढतात.”

लाइन तीन किलोमीटरवर खाणीच्या घरांच्या शेवटच्या रांगेमागून जाई. अठ्ठावीस घरं, मागची दारं रुळांपासून चार पावलांवर. सातव्या घरात मुकादम राहायचा, लेक, जावई आणि नातीबरोबर. त्या रांगेखालचा कोळसा काढून झाल्यावर खाणीने आधाराला ठेवलेले कोळशाचे खांबही पोखरून नेले होते, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जमीन बसत होती. सावकाश, पण बसत होती.

रांगेमागे आला की मुकादम सायकल थांबवायचा, गुडघे टेकायचा, रुळाला गाल लावायचा आणि एक डोळा मिटून लांबवर बघायचा. रूळ जिथे पोटात गेलेला दिसे तिथे छोटा जॅक लावून तो उचलायचा, स्लीपरखाली पहारीने खडी ठासायची आणि वर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आला की जॅक काढायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीच्या मते सायकलीला एवढ्या सरळ रुळाची गरजही नव्हती. पण वाकडी लाइन बघून पुढे जाणं त्याला जमत नसे. ताटातला खडा बघूनही घास घेता येत नाही तसं.

घरांचं काय करायचं ते पुनर्वसन कार्यालय अडीच वर्षं ठरवत होतं. जमीन हलते आहे असं सिद्ध झालं तर अख्ख्या रांगेला गावाच्या वरच्या अंगाला, घट्ट जमिनीवर, नवी घरं मिळणार होती. मुकादमाच्या स्वयंपाकघरातल्या भेगेवर कार्यालयाच्या माणसाने तारीख लिहिलेली काचेची पट्टी चिकटवली होती. भेग रुंदावली की पट्टी तडकणार. ती तीनदा तडकली. नात शाळेतून आली की आधी पट्टी बघायची. मुकादम तिला सांगायचा, “नव्या घरात तुला खिडकीशी पलंग.” त्याच्या लेखी प्रश्न सुटल्यातच जमा होता.

वर्षातून दोनदा मोजणीवाले तिपाईवरची दुर्बीण घेऊन लाइनीवरही येत. ते यायचे मंगळवारी, सायकली बंद असताना. रविवारीच पिंजरेवाला सांगे, “परवा मोजणी आहे बरं का.” तपासणी म्हटलं की मुकादमाच्या अंगात जुनं वारं शिरे. खाणीत मोठ्या साहेबाची ट्रॉली यायची तेव्हा लाइनीत केसाइतका बाक दिसला तरी टोळीला सगळ्यांदेखत बोलणी बसत. चौदा वर्षांत त्याच्या टोळीला एकदाही बसली नव्हती. त्यामुळे दर खेपेला सोमवारी तो अंधारात उठून पहिल्या फेरीच्या आत रांगेमागचा सगळा तुकडा ताणलेल्या दोरीसारखा करून ठेवायचा. ही मोजणी कसली, हे त्याने कधी विचारलं नाही. सायकलींसाठी असेल, असं तो धरून चालला.

त्या गुरुवारी अकराच्या सुमारास लेक लाइनीवरूनच चालत तिकीट खिडकीपाशी आली. दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिची पाळी असायची, कामाचे कपडे अंगावर तसेच होते.

“बाबा, कार्यालयाचं पत्र आलंय. वाचा.”

“चष्मा घरी राहिला.”

“मग ऐका. ‘सदर अठ्ठावीस घरांलगतच्या रेल्वेमार्गावर घेतलेल्या सहा मोजण्या पाहता रूळपातळीत बदल नाही. सबब जमीन स्थिर असून ही घरे यादीत घेता येत नाहीत.’”

“स्थिर?” पिंजरेवाल्याने खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. “माझी बहीण बाविसाव्या घरात आहे. तिच्या मोरीतलं पाणी हल्ली बैठकीत येऊन बसतं, पाहुण्यासारखं. आणि म्हणे स्थिर!”

मुकादमाने विचारलं, “काय म्हणालीस? रूळपातळी?”

“हो.”

“आणि काचेची पट्टी?”

“ती धरलीच नाही. भिंती जुन्या आहेत, तडे म्हातारपणाचे आहेत म्हणतात. खाणीच्या जुन्या नकाशात लाइनीची उंची जागोजाग लिहिलेली आहे, म्हणून लाइनच धरली त्यांनी. काय झालं? असे काय बघताय?”

मुकादम उभ्या सायकलीच्या बाकावर बसला. “मी उचलत होतो.”

“काय?”

“रूळ. जमीन जेवढी बसायची तेवढा. रोज.”

दोन बायका तिकिटं काढून हसत सायकलीवर बसल्या आणि घंटी वाजवत निघून गेल्या. त्या दूर जाईपर्यंत लेक थांबली.

“का पण, बाबा?”

“लाइन वाकडी दिसायची.”

दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात गेला. मोजणी करणारी बाई त्याच्या लेकीहून लहान होती. तिने खुर्ची दिली, सगळं नीट ऐकून घेतलं.

“किती उचललंत एकूण?”

“कधी बोटाचं पेर, कधी त्याच्या निम्मं. कधी काहीच नाही.”

“कुठे लिहून ठेवलंय?”

“खाणीत वही असायची. इथे नाही.”

“कुणी पाहिलंय?”

“सकाळी सहाला कोण बघणार, बाई? पण खणून बघा ना. मी घातलेली खडी पांढरी आहे. खालची जुनी, कोळशाने काळी. पांढरी किती ते मोजा, तेवढी जमीन गेली.”

ती खरंच आली. सातव्या घरामागे तिने माणसं लावून खणलं. पांढऱ्या खडीचा थर एक वीत चार बोटं निघाला. तिने टेप लावला, फोटो काढले आणि हात झटकत म्हणाली, “मला पटलंय, मुकादम. पण मला पटलेलं फायलीत जात नाही.” वरच्या साहेबांचं उत्तर घेऊन ती आठवड्यात पुन्हा आली. सायकली सुरू करताना कंपनीनेही पांढरीच खडी पसरली होती. कुणाची कोणती आणि कधीची, हे सांगता येत नाही. हवं तर नव्याने मोजणी घेऊ. मुदत तीच, अडीच वर्षं. अट एकच, लाइनीला कुणी हात लावायचा नाही.

निघताना ती म्हणाली, “एक सांगू? इतकी सरळ लाइन मी नोकरीत कुठे पाहिली नव्हती. तसा शेराही मारला होता मी.”

दुसऱ्या कुठल्याही वर्षी हे ऐकून त्याने गावभर सांगितलं असतं.

बातमी रांगेत पोचायला एक दिवस पुरला. कुणी भांडायला आलं नाही. म्हातारी शेजारीण मात्र तो दिसला की दारातूनच म्हणे, “मुकादम, आमच्या घराखाली पण ठासा की दोन घमेली. तुमचा हात चांगला आहे.” जावई एकदाच बोलला. “मी बाहेरगावी काम बघतोय.” एवढंच.

मुकादमाने जॅक आणि पहार उचलून माळ्यावर टाकली. तो सकाळी सायकलीवरून लाइन बघायचा, सही करायचा. दहा आठवड्यांत रांगेमागचा तुकडा डोळ्याला दिसण्याइतका खाली गेला, आणि घरांकडचा रूळ दुसऱ्याहून जास्त. चढउतार सायकलीला चालतो, पीळ चालत नाही. अकराव्या आठवड्यात त्या जागी त्याच्याच सायकलीचं एक चाक रुळावरून अधांतरी उचललं गेलं. मागे बाकावर मुलं असती तर? परत येऊन त्याने कागद कोराच मॅनेजरपुढे ठेवला.

“काल तर केलीत सही,” मॅनेजर म्हणाला.

“काल चालत होतं.”

“मग ठीक करा ना. आधी करत होतात म्हणे, फुकटात.”

“आता नाही करता येणार.”

“येणार नाही की करायचं नाही?”

बाहेर फेरीला आलेले लोक उन्हात ताटकळत होते. कंपनीने शहरातून माणूस आणून लाइन दाखवली. जमीनच खाली जाते आहे म्हटल्यावर त्यांनी दुरुस्तीचा विचार केला नाही. महिनाअखेरीला सायकली ट्रकवर चढल्या. एकोणीस जणांची कामं गेली. पिंजरेवाला म्हणाला, “तुझ्याजागी मीही हेच केलं असतं. लेक आहे तुझी.” पण त्यानंतर तो मुकादमाकडे बसायला आला नाही, आणि रस्त्यात भेटला तर घड्याळ बघू लागला.

सायकली गेल्या तशी लाइन वापरातली राहिली नाही. वापरात नसलेल्या लाइनीची मोजणी कार्यालय घेत नव्हतं, आणि रूळ तर भंगारात निघालेच होते. हे सांगायला मोजणीवाली बाई स्वतः घरी आली. अवघडून उभी राहिली.

“म्हणजे एवढे आठवडे गेले ते गेलेच?” लेकीने विचारलं.

“ते धरता येणार नाहीत. पण घराच्या जोत्यात पितळी खुंटी बसवता येते. तिच्यावरून मोजू. माझ्या अखत्यारीत आहे तेवढं.”

“कधीपासून?”

“आजपासून. शून्यापासून.” मग तिने खाली बघत अटी सांगितल्या. घराची कसलीही दुरुस्ती नाही, टेकू नाही, भेगेत सिमेंट नाही. आणि घर राहतं हवं. बंद घर यादीत धरत नाहीत. महिन्यातून कधीही माणूस येऊन बघून जाईल.

जावयाला सहा तासांवरच्या शहरात गोदामात काम मिळालं होतं, राहायला एक खोली. तिथे चौघं मावणार नव्हते, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

“मी राहतो,” मुकादम म्हणाला.

“इथे? छत कधी खाली येईल सांगता येत नाही.”

“अडीच वर्षांचं तर काम आहे.”

“अडीच वर्षांनी तुम्ही किती वर्षांचे असाल, बाबा?”

“त्र्याहत्तर.”

“दवाखान्याचे दोन जिने चढायचे तर अर्ध्यात बसता. ही कोळशाची छाती घेऊन…”

“इथे जिनेच नाहीत,” तो म्हणाला.

लेकीला हसू आलं नाही. तिने त्याचं अंथरूण स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत आणलं, तिथली भिंत त्यातल्या त्यात बरी होती. औषधांच्या गोळ्या आठवड्याच्या हिशेबाने पुड्यांत बांधल्या. शनिवारी टेम्पो आला. नात पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. जावयाने वाकून नमस्कार केला. इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदाच सासऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.

“सुट्टीला तरी याल का?” लेकीने विचारलं.

“घर बंद ठेवून कसा येऊ?”

“एक दिवस.”

“आणि नेमका त्याच दिवशी माणूस आला बघायला तर?”

ती टेम्पोत चढली. मग खाली उतरून परत आत गेली, गॅस बंद आहे ना ते बघून आली. तो बंदच होता.

टेम्पो गेल्यावर मुकादम आत आला. स्वयंपाकघराची चौकट तिरकी झाली होती, खालून एक पाचर मारली असती तर दहा मिनिटांत सरळ झाली असती. दार अर्ध्यावर अडकत होतं. त्याने ते तसंच उघडं ठेवलं आणि पुढच्या खोलीत जाऊन, हात मांडीखाली घेऊन, खुर्चीवर बसून राहिला.